कुकाबुरा हसत नाही, हद्द सांगतो

कुकाबुरा तुम्ही पाहिला नसेल, पण ऐकला असण्याची शक्यता बरीच आहे. हॉलिवूडच्या जुन्या जंगलपटांत नायक वेलीला लोंबकळत निघाला, की मागून कुठूनतरी एक आवाज येतो. आधी घशातल्या घशात खुदखुद, मग खॅ-खॅ-खॅ, आणि शेवटी अगदी सातमजली हसू. पडद्यावरचं जंगल कधी आफ्रिकेतलं असतं, कधी ॲमेझॉनचं. आवाज मात्र ऑस्ट्रेलियातल्या एका पक्ष्याचा, जो त्या दोन्ही ठिकाणी रानात कधी राहिलाच नाही.

नाव तर आपल्याला क्रिकेटमुळे पाठच आहे. भारतात कसोटी सामने एसजीच्या चेंडूने होतात, इंग्लंडमध्ये ड्यूकच्या आणि ऑस्ट्रेलियात कुकाबुराच्या. ती कंपनी १८९० साली आल्फ्रेड ग्रेस थॉम्पसन यांनी मेलबर्नमध्ये सुरू केली. तेव्हा त्यांचा धंदा घोड्यांच्या खोगिरांचा होता. मोटारी आल्या, घोडे कमी झाले आणि कातडं शिवणारे हात चेंडूंकडे वळले. थॉम्पसन यांच्याकडे जॅकी नावाचा एक पाळलेला कुकाबुरा होता, त्याच्यावरून मालाला हे नाव मिळालं.

मी तो पहिल्यांदा ऐकला ब्रिस्बेनला, बहिणीच्या घरी. अजून उजाडायचं होतं. मागच्या गल्लीत माणसं हसतायत असं वाटून मी जागी झाले. एकाने सुरुवात केली, दुसरा मिसळला, मग चार-पाच जणांचा एकच गलका. तो थांबला आणि क्षणभर सगळं शांत झालं. मग दूरवरून, ओढ्याच्या पलीकडून, तसाच दुसरा गलका ऐकू आला. तो पलीकडून आलेला आवाज मला महत्त्वाचा वाटतो. हा पक्षी असा का दिसतो, असा का राहतो, त्याची पोरं घर सोडून का जात नाहीत आणि पिल्लं एकमेकांच्या जिवावर का उठतात, या सगळ्याची गाठ तिथे आहे.

पण आधी ओळख करून घेऊ. कुकाबुरा म्हणजे खंड्याच. आपला खंड्या, धीवर, त्याच कुळातला. खंड्या म्हटलं की पाण्यात सूर मारणारा निळाशार पक्षी डोळ्यांपुढे येतो, पण त्या कुळातले बरेचसे सदस्य मासेमारीवर जगत नाहीत. आपल्याकडचाच पांढऱ्या छातीचा खंड्या आठवा. शेताच्या कडेला, पाण्यापासून चांगला लांब, विजेच्या तारेवर बसलेला असतो आणि चोचीत मासा नाही, सरडा धरलेला असतो. उडताना मोठमोठ्याने खिंकाळत जातो. हा खंड्या आणि कुकाबुरा एकाच उपकुळातले, झाडांवर राहून जमिनीवर शिकार करणारे. त्यामुळे कुकाबुरा कसा जगतो हे समजून घ्यायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. तारेवरचा तो खंड्या मनातल्या मनात चौपट वजनाचा केला की काम होतं.

आकाराचा फरक मात्र थक्क करणारा आहे. पावसाळ्यात कोकणात येणारा तिबोटी खंड्या पाहायला लोक कर्नाळ्याला, चिपळूणला जातात. तो जेमतेम १३ सेंटिमीटरचा आणि साधारण १५ ग्रॅमचा. कुकाबुरा ४० ते ४५ सेंटिमीटर लांब आणि सरासरी ३०० ते ३५० ग्रॅम वजनाचा. म्हणजे एका पारड्यात कुकाबुरा ठेवला तर दुसऱ्यात वीसेक तिबोटी खंडे ठेवावे लागतील. जगातल्या सगळ्या खंड्यांत वजनाने सर्वांत मोठा हाच.

रंगाने तो साधा आहे. डोकं आणि पोट मळकट पांढरं, पाठ आणि पंख तपकिरी, डोळ्यावरून मागे गेलेला गडद पट्टा. पंखावर फिकट निळे ठिपके असतात, तेवढीच काय ती खंड्याच्या घराण्याची खूण. शेपटी तांबूस, तिच्यावर आडवे काळे पट्टे. नर-मादी लांबून ओळखता येत नाहीत. मादी किंचित मोठी असते, नराच्या पाठीवर शेपटीच्या वर कधीकधी निळी झाक असते, पण खात्रीने सांगणं कठीणच. लक्षात राहते ती चोच. जाड, लांब, वरचा भाग काळा, खालचा फिकट. डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान आखूड, त्यामुळे फांदीवर बसलेला कुकाबुरा एखाद्या गंभीर, विचारात पडलेल्या माणसासारखा दिसतो. डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत, म्हणून पाहायचं असेल तिकडे तो अख्खं डोकं वळवतो. पायाची पुढची बोटं एकमेकांना अर्धवट जोडलेली असतात, ही सगळ्या खंड्यांची ठेवण आहे. चालायला असे पाय बेताचेच, फांदी धरून तासन्‌तास बसायला चांगले.

मी सांगते आहे तो हसरा कुकाबुरा, पूर्व ऑस्ट्रेलियाचा. त्याचे सख्खे भाऊबंद आणखी आहेत. निळ्या पंखांचा कुकाबुरा उत्तर ऑस्ट्रेलियात आणि न्यू गिनीच्या दक्षिण भागात राहतो. त्याचा डोळा फिकट पांढुरका आणि आवाज अधिक कर्कश, त्यात हसू नाही. न्यू गिनीच्या बाजूला आणखीही जाती आहेत.

गंमत अशी, की हसऱ्या कुकाबुराच्या शास्त्रीय नावात न्यू गिनी आहे आणि तो न्यू गिनीत सापडतच नाही. पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने आपण हा पक्षी न्यू गिनीत पाहिल्याचं लिहिलं होतं. तो तिथे गेलाच नव्हता. त्याच्या लिखाणावर विसंबून १७८३ साली योहान हेर्मान यांनी पक्ष्याला नाव दिलं, आणि शास्त्रीय नावांचा नियम असा की पहिलं नाव चुकीच्या माहितीवर बेतलेलं असलं तरी तेच टिकतं. लोकांनी दिलेलं नाव मात्र अगदी नेमकं आहे. न्यू साउथ वेल्समधल्या विराजुरी लोकांच्या भाषेत या पक्ष्याला ‘गुगुबारा’ म्हणतात. मोठ्याने म्हणून पाहा. आपण ‘चिमणी’ म्हणताना पक्ष्याचा आवाज काढत नाही, पण ‘पावशा’ म्हणताना काढतो. गुगुबारा हा शब्द पावशाच्या जातीचा, पक्ष्याने स्वतःच उच्चारलेला.

आता त्या आवाजाकडे येऊ. कुकाबुराचं ‘हसणं’ हा आनंद नव्हे, हे आधी स्पष्ट व्हायला हवं. आपल्या कानाला ते हसणं वाटतं कारण एका लयीत, तुटक तुटक, चढत जाणारा आवाज आपण हसतानाच काढतो. पक्ष्याच्या दृष्टीने तो दवंडी पिटण्याचा प्रकार आहे: या झाडापासून त्या ओढ्यापर्यंतचं रान आमच्या कुटुंबाचं आहे, आम्ही सगळे जिवंत आहोत, जागे आहोत, आणि इतके जण आहोत.

कुकाबुरा स्थलांतर करत नाही. एका जोडप्याला जागा मिळाली की ते बारा महिने तिथेच राहतं, वर्षानुवर्षं. ही जागा त्याची शेतजमीन. शिकार तिच्यात, घरटं तिच्यात, पोरं तिच्यातच वाढतात. आणि शेतजमीन म्हटली की बांध आला. आपल्याकडे बांधाच्या दगडावरून पिढ्यांची वैरं होतात हे खेड्यात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. पक्ष्याकडे दगड नाही, सातबारा नाही. त्याने हद्द आखायची कशाने? त्याच्याकडे घसा आहे. म्हणून रोज उजाडताना आणि मावळताना तो आवाजाने बांध घालतो. पहाटेची वेळ त्याला सोयीची असते. वारा पडलेला, इतर गोंगाट नाही, त्यामुळे आवाज लांब जातो.

कुटुंबातला एक जण सुरुवात करतो, हलक्या खुदखुदीने, आणि लगेच बाकीचे सामील होतात. माना वर, चोची आभाळाकडे, शेपट्या उभारलेल्या. सगळे एकदम ओरडण्याला अर्थ आहे. ऐकणाऱ्या शेजाऱ्याला त्यातून समजतं की इथे एकटा-दुकटा नाही, घर भरलेलं आहे. शेजारचं कुटुंब ऐकत असेल तर तेही उत्तर देतं. ब्रिस्बेनला ओढ्यापलीकडून आलेला तो दुसरा गलका म्हणजे शेजाऱ्याची पोच होती. व्हेरोनिका पॅरी यांनी १९७० च्या आसपास या कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला. हद्दीवर ओरडण्याबरोबर उडण्याचेही ठरलेले प्रकार असतात. दोन कुटुंबांचे पक्षी बांधावरच्या झाडांमधून झुल्यासारखे एकमेकांसमोरून ये-जा करतात. प्रत्यक्ष मारामारीची वेळ क्वचित येते. बांध रोज सांगितला गेला की तो मोडायला कुणी येत नाही.

गोरे वसाहतवाले आले तेव्हा त्यांना हा आवाज गाढवाच्या रेकण्यासारखा वाटला आणि त्यांनी तसंच नाव ठेवलं, हसरं गाढव. पुढे रानात काम करणारे लोक त्याला घड्याळ म्हणू लागले, कारण त्याच्या पहिल्या हाकेला उठलं की दिवस वेळेवर सुरू व्हायचा. पण त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणाऱ्यांनी या वेळेचा विचार जास्त सुंदर केला होता. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या युवालराय लोकांची कथा आहे. पूर्वी सूर्य नव्हता, नुसते चंद्र आणि तारे. एकदा ईमू आणि ब्रोल्गा नावाचा करकोचासारखा पक्षी यांचं भांडण झालं. ब्रोल्गाने रागाच्या भरात ईमूचं अंडं उचललं आणि आकाशात भिरकावलं. ते वर रचलेल्या सरपणावर फुटलं, पिवळ्या बलकाने सरपण पेटलं आणि खालची सगळी पृथ्वी उजळली. आकाशातल्या एका सत्पुरुषाला ते दृश्य इतकं आवडलं की रोज असा जाळ करायचं त्याने ठरवलं. पण खाली झोपलेल्यांना आधी कळायला हवं. शुक्राची चांदणी लावून पाहिली, झोपलेल्याला चांदणी कशी दिसणार? मग त्याने कुकाबुराला सांगितलं, पहाटेची चांदणी फिकट झाली की रोज मोठ्याने हस, नाहीतर मी सरपण पेटवणार नाही. म्हणून त्या लोकांत मुलांना कुकाबुराची नक्कल करायची मनाई. पक्ष्याने ऐकलं आणि रुसून गप्प बसला तर उद्या उजाडणारच नाही. नक्कल करणाऱ्या मुलाच्या सुळ्यावर आणखी एक दात उगवतो, असंही सांगत.

हद्दीचं महत्त्व कळलं की कुटुंबाची रचना आपोआप उलगडते. कुकाबुराचं जोडपं जन्मभर एकत्र राहतं. पक्ष्यांत वरवर एकनिष्ठ दिसणारी जोडपी पुष्कळ असतात, पिल्लांची जनुकं तपासली की वेगळंच निघतं. कुकाबुराच्या बाबतीत मात्र घरट्यातली पिल्लं जवळपास नेहमी त्याच जोडप्याची निघाली. घरात फक्त जोडपं आणि या वर्षीची पिल्लं एवढेच नसतात. मागच्या वर्षाची, त्याच्याही आधीची मोठी झालेली पोरंही तिथेच असतात. ती स्वतः अंडी घालत नाहीत. ती आईबापांच्या नव्या अंड्यांवर पाळीने बसतात, धाकट्या भावंडांना भरवतात, घरट्याची राखण करतात आणि पहाटेच्या दवंडीत आवाज मिसळतात.

ही पोरं स्वतःचा संसार का थाटत नाहीत? कारण जागा नाही. चांगलं रान आधीच वाटलं गेलेलं असतं. बाहेर पडलं तर प्रत्येक ठिकाणी कुणाचीतरी हद्द आणि तिथून हाकलणारं भरलेलं घर. मुंबईत लग्न झाल्यावरही कितीतरी मुलं दोन खोल्यांत आईवडिलांबरोबर राहतात, ती काही वेगळ्या कारणाने नव्हे. थांबण्यात तोटाही नसतो. धाकटी भावंडं आपल्याच रक्ताची असतात, शिकारीचा आणि पिल्लं वाढवण्याचा सराव होतो, आणि शेजारी एखादी जागा रिकामी झाली तर ती सगळ्यांत आधी कळते.

घरटं म्हणजे काड्यांची रचना नाही. निलगिरीच्या जुन्या झाडातली ढोली किंवा झाडावर वाळवीने बांधलेलं वारूळ. वारुळात घर करायचं तर आधी ते फोडावं लागतं. पक्षी समोरून उडत येतो आणि चोच भाल्यासारखी वारुळावर आदळतो, पुन्हा मागे जातो, पुन्हा येतो. आत बोगदा आणि खोली तयार झाली की वाळवी आपल्या बाजूने फुटलेल्या भिंती लिंपून टाकते आणि दोघांचं बिऱ्हाड एकाच वारुळात सुरू राहतं. विणीचा हंगाम साधारण सप्टेंबर ते जानेवारी, म्हणजे तिथला वसंत आणि उन्हाळा. अंडी पांढरी, गोलसर, बहुतेक वेळा तीन. पंचविसेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, उघडीबोडकी आणि डोळे मिटलेली.

आणि इथे या प्रेमळ एकत्र कुटुंबातली सगळ्यांत कठोर गोष्ट घडते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या वरच्या चोचीच्या टोकाला एक खाली वळलेला आकडा असतो. मोठा झाल्यावर तो राहत नाही. त्याचं काम पहिल्या काही दिवसांचं. अंडी एकदम फुटत नाहीत. पहिली दोन पिल्लं थोड्या अंतराने येतात, तिसरं मागाहून. ते येतं तेव्हा थोरल्यांनी अंग धरलेलं असतं. आंधळी असतानाच ती त्याला त्या आकड्याने बोचकारतात, टोचतात. अनेक घरट्यांत तिसरं पिल्लू त्यात मरतं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतून संशोधन करणाऱ्या सारा लेग यांनी १९९० च्या दशकात हे फार तपशिलाने नोंदवलं.

मला हे वाचून बरेच दिवस वाईट वाटत राहिलं. खायला आणणारी इतकी मोठी माणसं घरात असताना असं का व्हावं? उत्तर आईच्या हिशेबात आहे, जरी तो ती जाणूनबुजून करत नसली तरी. अंडी घालताना पुढे साल कसं जाणार हे तिला ठाऊक नसतं. सरडे, किडे भरपूर मिळाले तर तीन पोरं जगतील, नाही तर दोनच. तिसरं अंडं म्हणजे पेरताना टाकलेलं जास्तीचं बी. पहिल्या दोनांपैकी एखादं अंडं फुटलंच नाही किंवा पिल्लू दगावलं तर तिसरं त्याची जागा घेतं. साल उत्तम असेल तर तिन्ही जगतात. आणि साल वाईट असेल तर निकाल लवकर लागतो, सगळ्यांच्या तोंडचा घास अर्धा अर्धा होण्याआधी.

जी वाचतात ती महिना-सव्वा महिन्याने घरट्याबाहेर पडतात. त्यानंतरही कित्येक आठवडे घरचे त्यांना भरवतात, कारण शिकार शिकायला वेळ लागतो. कुकाबुराची शिकार म्हणजे धीराची परीक्षा. खालच्या फांदीवर, कुंपणावर, तारेवर निश्चल बसायचं आणि जमिनीकडे पाहत राहायचं. हालचाल दिसली की सरळ खाली झेप, चोचीत पकड, परत फांदीवर. किडे, गांडुळं, सरडे, बेडूक, उंदीर, लहान पक्षी, सगळं चालतं. मासे फारसे खात नाही, पण बागेतल्या उथळ हौदात रंगीत मासे दिसले तर सोडतही नाही. छोटी शिकार अख्खी गिळतो. मोठी असेल तर फांदीवर आपटतो, पुन्हा पुन्हा, आतली हाडं मोडून ती मऊ होईपर्यंत. साप डोक्याच्या मागे धरतो, म्हणजे त्याला उलटून चावता येत नाही, आणि मग तोही फांदीवर आपटला जातो. जे पचत नाही, हाडं, केस, खवले, त्याची गोळी करून तोंडावाटे टाकून देतो.

ही आपटण्याची सवय इतकी मुरलेली आहे की प्राणिसंग्रहालयात मेलेला उंदीर दिला तरी कुकाबुरा तो आधी नीट आपटतो. बहिणीकडे शेजारच्या अंगणात शेगडीवर सॉसेज भाजत होते. एक कुकाबुरा कुंपणावरून आला, थाळीतलं सॉसेज घेऊन गेला आणि फांदीवर बसून त्याला चांगलं मिनिटभर मारत राहिला. पाहुण्यांना कौतुक वाटतं आणि मग लोक मुद्दाम खिमा टाकू लागतात. ते करू नये. नुसत्या खिम्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. उंदीर-सरड्याच्या हाडांतून जे मिळतं ते त्यात मिळत नाही, आणि वाढत्या पिल्लांची हाडं कच्ची राहतात.

साप खातो म्हणून माणसांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि तो जिथे नव्हता तिथेही नेला. १८९७ पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टास्मानियात. न्यूझीलंडमध्ये त्याच्याही आधी, तिथले गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी आपल्या कावाउ बेटावर. ही चूक होती असं आता तिथले अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. पाहुणा ढोल्या बळकावतो, स्थानिक पक्ष्यांची पिल्लं आणि सरडे खातो. स्वतःच्या मुलखात तो समतोलाचा भाग आहे, परक्या मुलखात घुसखोर.

आणि स्वतःच्या मुलखातही त्याची अडचण ढोलीचीच आहे. एकूण संख्येने तो संकटात नाही, शहरांतल्या बागांशी त्याने जुळवून घेतलं आहे. पण निलगिरीच्या खोडात एवढ्या मोठ्या पक्ष्याला पुरेल अशी ढोली व्हायला शंभर वर्षांहून जास्त काळ जातो. फांदी तुटावी लागते, आतलं लाकूड बुरशीने आणि वाळवीने पोखरावं लागतं. सुतारपक्षी ऑस्ट्रेलियात नाहीत, त्यामुळे भोक पाडून देणारा कुणी नाही. जुनं झाड पडलं किंवा वणव्यात गेलं की त्या जागी लावलेल्या रोपाकडून ढोली मिळायला तीन-चार पिढ्या थांबावं लागतं.

बहिणीच्या घरामागे तसं एक जुनं झाड आहे, आणि त्याच्यावर पंधरा-वीस फुटांवर वाळवीचं काळपट वारूळ. घर घेतलं तेव्हा ते काढून टाका, नाहीतर वाळवी घरात येईल, असं दोघा-तिघांनी सांगितलं होतं. तिने घर तपासून घेतलं, दरवर्षी तपासून घेते, पण वारुळाला हात लावला नाही. मी गेले त्या वर्षी ऑक्टोबरात वारुळाच्या मधोमध मुठीएवढं भोक दिसायला लागलं होतं आणि खाली मातीचा भुगा पडला होता. आम्ही चहा घेऊन मागच्या पायरीवर बसलो. कुकाबुरा समोरच्या तारेवरून निघाला, सरळ त्या भोकावर आदळला, परत तारेवर आला, आणि पुन्हा निघाला.